बोरखडीचा पहिला फटका

लढाई संपली आणि बोरखडीचे शिपाईगडी एकेक करून माघारी आले. कुणी लोखंडी ट्रंक आणली, कुणी इटलीतलं घड्याळ आणलं, एकानं तर नुसताच खोकला आणला. हवालदार ज्ञानू शेवाळे मलकापूरच्या फाट्यावर उतरला तेव्हा त्याच्या खांद्याला एक लांबडी कातडी पिशवी होती आणि तिच्यातून लोखंडी टाळक्याच्या काठ्या डोकावत होत्या.

फाट्यावर गावातला गुंडा नावाचा गडी बसला होता. गावच्या बातम्या तिथूनच आत जायच्या.

"ही काय रं हत्यारं?"

"गोल्फच्या काठ्या. सायबानं विलायतेला जाताना दिल्या."

"मारायच्या कुणाला?"

"चेंडूला."

गुंडा उठून गावाकडं सुटला. ज्ञानूच्या कानाजवळ तोफ फुटली असावी, ही बातमी ज्ञानूच्या आधी गावात पोचली.

ज्ञानू पलटणीत होता हे खरं. पण लढाईचा मोठा भाग त्यानं कर्नलसाहेबाच्या मागं ही पिशवी वाहण्यात काढला होता. हे त्यानं गावाला सांगितलं नाही. गावानं आपलं आपणच शोधून काढलं. छावणीतल्या मैदानाच्या फाटकावर सभासदांखेरीज कुणी येऊ नये अशी पाटी होती. ज्ञानू आत जाई तो पिशवीच्या पुण्याईवर. चेंडू मांडायचा त्यानं, हाणायचा साहेबानं, आणि काट्याकुट्यातून हुडकायचा पुन्हा त्यानं. साहेब दारू प्यायला बसला की ज्ञानू मेसच्या मागं जाऊन तीच काठी घेऊन गोटे उडवायचा. साहेबाला काठीवरचे चरे दिसत. तो आपल्याच खेळाला दोष देई.

या सगळ्यात ज्ञानूला एका गोष्टीची भारी भूल पडली होती. आधीचा डाव जिंकेल त्यानं पुढचा पहिला फटका मारायचा, असा साहेबांचा नियम. आणि तो मारीपर्यंत बाकीच्यांनी, मग त्यात जनरल का असेना, तोंड मिटून उभं राहायचं. ज्ञानू चार भावांतलं शेंडेफळ. तो बोलायला लागला आणि माणसं गप्प झाली असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं. लग्नानंतर तर नाहीच नाही. एकदा तरी आपण काठी उगारावी आणि अख्खी बोरखडी चिडीचूप व्हावी, एवढंच त्याला पाहिजे होतं.

तर ज्ञानूनं ठरवलं, गावाच्या गायरानात गोल्फ काढायचा. गणपती सार्वजनिक होतो, मग गोल्फ का नाही? पाटील लालासाहेब, ज्यांना गाव आबा म्हणे, त्यांच्या ओट्यावर जाऊन त्यानं परवानगी मागितली.

"खेळ की," आबा म्हणाले. "पर जनावरं हितं चरत्यात. त्यांच्या पायात काय येता कामा नये."

ज्ञानूनं त्यावरूनच प्रवेशाचा दर ठरवला: ज्याला खेळायचं त्यानं आधी पाटीभर दगड वेचून बांधावर टाकायचे. इतका स्वस्त गोल्फ दुनियेत कुठं नसेल. गोट्यांची असते तशी, पण जरा खोल गल खणायची आणि आत पलटणीतला दुधाचा रिकामा डबा बसवायचा, अशा पाच गली झाल्या. साहेबाकडं गलीभोवती कातरलेलं गवत असे. इथं गवत म्हशीनं ठेवलं तर! म्हणून ज्ञानूच्या बायकोनं, शालूबाईनं, प्रत्येक गलीभोवती खळ्यासारखं शेणानं सारवून दिलं. सारवता सारवता ती रोज विचारी, "आवं, ह्यातनं पिकणार काय?" ज्ञानू म्हणे, "नाव." शालूबाई म्हणे, "ते दळायला कुटं न्ह्यायचं?"

आता बोरखडीची एक रीत सांगायला हवी. गावात मान एकच. तो तुकडे करून वाटत नाहीत. होळीला पहिली काडी, बेंदराला पहिला बैल, पालखीला पहिला खांदा. जो एका जागी पहिला, तो सगळीकडं पहिला. आणि चैत्रात भैरोबाची जत्रा झाली की साऱ्या गावाला मटण-भाकरी घालायची, तीही त्यानंच. तीन पिढ्या हा मान पाटलांकडं होता. एरवी आबांची मिशी वर असे. जत्रा जवळ आली की हळूहळू खाली येई. त्यात सरकारच्या लेव्हीवाल्यांनी धान्याच्या कणग्या खरवडून नेल्यापासून तर ती वर यायचीच विसरली होती. ज्ञानूला या रितीचा विसर पडला होता. पलटणीत मान म्हणजे सलाम. त्याला जेवण चिकटलेलं नसतं.

पाडव्याला मैदान उघडलं. पहिला फटका अर्थात आबांचा. आबांनी फेटा सारखा केला, काठी हातात घेतली आणि सहज विचारलं, "कायदा काय म्हनलास, ज्ञानू?"

"कमी फटक्यात गलीत घालंल तो जिंकला, आबा. आनि जिंकंल तो फुडच्या डावात पयला."

"म्हंजी मी हरलो, तर पयला तू?"

"तसा कायदा हाय. पर तुमी म्हनत असाल तर..."

"न्हाई न्हाई!" आबा केवढ्यानं तरी ओरडले. "कायदा म्हंजी कायदा. सायबानं काय येड्यानं क्येला व्हय?"

आणि आबा खेळायला लागले. पहिला चेंडू मेंढरांत गेला. मेंढरं बिराप्पा धनगराची. त्यानं अदबीनं चेंडू आणून आबांच्या पायाशी ठेवला. आबांनी तो ओढ्यात घातला. गावकऱ्यांनी ओढ्यातून काढून धोतरानं पुसून गलीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. पाटलानं वाकायचं म्हणजे काय! आबांनी तिथूनही तो अशा कौशल्यानं भलतीकडं हाणला, की ज्ञानूला साहेबाची आठवण झाली. शेवटी ज्ञानू जिंकला. आबांनी काठी टाकली, फेट्याला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेला गड्यांनो मान! तीन पिढ्यांचा मान गेला!" बोलताना त्यांची मिशी मात्र वर जात होती.

दुसऱ्या डावाला ज्ञानू उभा राहिला. त्यानं चेंडू मांडला, काठी उगारली आणि सारं गायरान चिडीचूप झालं. बिराप्पानं कुत्र्याचं तोंड धरून ठेवलं. फटका असा बसला, की चेंडू बाभळींवरून सरळ गेला आणि गलीजवळच्या सारवणावर उतरला. ज्ञानूला वाटलं, लढाई झाली ती यासाठीच.

घरी येईपर्यंत शालूबाईला सगळं कळलं होतं.

"आबांनी पयली काडी, पयला बैल, समदं तुमाला दिलं म्हनं."

"व्हय," ज्ञानू छाती काढून म्हणाला.

"आनि जत्रंचं जेवान?"

ज्ञानूची छाती जिथं होती तिथं परत गेली.

"आपल्याकडं शेरडं किती? ती दुधाची. ती कापायची, शेजारनं उसनी आनायची, आनि वरीसभर त्याच्यापायी रोजानं जायचं. ते कायबी असू द्या. जत्रंच्या आदी हरून या."

"आता हरायला काय लागतंय!" ज्ञानू म्हणाला.

हरणं इतकं सोपं असतं तर! ज्ञानूशी खेळायला माणसं येत होती, पण सगळी आबांचीच शिष्य झाली होती. लांडग्याला पळताना काठी फेकून लोळवणारा बिराप्पा, त्याचा चेंडू आता मागं जाऊ लागला. गुंडानं दोन दिवस आपला चेंडू सापडूच दिला नाही. ज्ञानूनंही वाकडं मारायचं मनात आणून पाहिलं. पण काठी हातात आली, लोकं गप्प झाली, की त्याचं मन बाजूला राही आणि हात सरळ जाई. गावात त्याला लोक वाट देऊ लागले. आबा तर रामराम घालायचे आणि वर विचारायचे, "मानकरी, यंदा रस्सा झणझणीत करा बरं का!"

जत्रेच्या आदल्या दिवशी देव पावला. सांगलीकडचा रामगोंडा नावाचा जैन शेतकरी मोटारीतून उतरला. उसाचा माणूस, अंगात रेशमी शर्ट, पण सांगलीत साहेबांच्या जिमखान्यानं त्याला फाटकावरूनच परत लावलेलं. बोरखडीत दगड वेचून कुणालाही खेळता येतं हे ऐकून तो आला होता. स्वतःच्या हातानं त्यानं पाटीभर दगड वेचले आणि घाम पुसत म्हणाला, "हवालदार, मी आपला खेळायला आलोय, आणि जिंकायला आलोय. राग मानू नका."

ज्ञानूला त्याला मिठी मारावीशी वाटली. शालूबाईनं लगेच त्याला ताक आणून दिलं आणि जिंकलं की काय पडतं तेही गोडीनं सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नसे.

"एवढंच?" रामगोंडा म्हणाला. "घालीन की! सगळ्या गावाला पुरणपोळी घालीन. वर तूप, मागाल तेवढं."

गर्दीत कुजबूज सुरू झाली.

"पुरनपोळी?" बिराप्पा म्हणाला.

"जैन मानूस. बोकड कसा कापंल?" गुंडा म्हणाला.

"म्हंजी भैरोबाच्या जत्रंला मटान न्हाई?"

आबांच्या मिशीनं पहिल्यांदाच थरथर केली. आतापर्यंत ज्ञानूनं जिंकू नये असं एका शालूबाईला वाटत होतं. आता त्यानं हरू नये असं सगळ्या गावाला वाटायला लागलं. जे कालपर्यंत चेंडू लपवत होते ते ज्ञानूच्या वाटेतले खडे वेचायला धावले. "मार हवालदार, बोरखडीची अब्रू हाय!" आबा ओरडले. अब्रू पातेल्यात शिजते हे त्या दिवशी ज्ञानूला समजलं.

रामगोंडा खरंच चांगला खेळला. दोघं बरोबरीनं पाचव्या गलीला आले. रामगोंडाचा चेंडू गलीत गेला आणि ज्ञानूच्या हाती एकच फटका राहिला. तो चुकला की हार. चेंडू गलीपासून दोन हातांवर. मध्ये फक्त शेणानं सारवलेली जमीन.

ज्ञानू वाकला आणि त्याला दिसलं, की सारवण ताजं आहे. पहाटेचं. आणि गलीच्या डाव्या अंगाला हातानं दाबून इतका नाजूक उतार केलाय, की तिसऱ्या माणसाला दिसणार नाही. चेंडू सरळ मारला तर आपोआप डावीकडं घरंगळणार होता. चुकवायचंसुद्धा नव्हतं, नुसतं सरळ मारायचं होतं. त्यानं मान वर केली. शालूबाई गर्दीत पदर दातात धरून उभी होती.

गायरान गप्प झालं. कुणी मटणासाठी, कुणी पुरणपोळीसाठी, शालूबाई शेरडांसाठी, पण सगळे गप्प. ज्ञानूनं काठी टेकवली, गलीकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं आणि वीतभर उजवीकडं रोख धरून चेंडूला हलकेच ढकललं. चेंडू उजवीकडून निघाला, उतारावर वळला, काठाशी जरा रेंगाळला आणि डब्यात टणकन पडला. बरोबरी झाली. मग पुढच्याच जादा डावात रामगोंडा बाभळीत अडकला आणि मान जिथल्या तिथं राहिला.

गावानं ज्ञानूला खांद्यावर घेतलं. आबा सगळ्यांत पुढं. रामगोंडानं निरोप घेताना काठीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "पुढच्या वेळेस येईन हवालदार, पण जत्रा टाळून."

माणसं पांगली. शालूबाई गलीपाशी उकिडवी बसून आपलं सारवण बघत होती.

"उतार दिसला न्हवता व्हय?"

"दिसला," ज्ञानू म्हणाला.

"मग?"

"दिसला म्हनूनच उजवीकडनं घ्यावा लागला. न्हाईतर गेला असता की भाईर."

शालूबाई हात झटकत उठली आणि शेजारणीकडं मोठी पातेली मागायला निघाली. जाता जाता एवढंच म्हणाली, "आबांच्या ताटात हाडकंच वाढा म्हंजी झालं."