शाल घालून गप्प केलेल्या बाई

गेल्या शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, इथे परदेशात आमच्या मराठी मंडळाने गावच्या नगर परिषदेतल्या बाईंचं तोंड बंद केलं. शाल घालून.

बाई इथल्या मूळ जमातीच्या. वीस वर्षं स्कूलबस चालवली, मग निवडून आल्या. त्यांच्या जमातीतून परिषदेत बसलेल्या त्या पहिल्याच. पहिल्या बैठकीला दारावरच्या माणसाने त्यांना कॉफी पोचवणारी समजून विचारलं होतं, कॉफी आणलीत का? हे त्यांनीच मला हसत सांगितलं. त्यांच्या प्रचाराची पत्रकं मी दारोदार वाटली होती, म्हणून माझ्या शब्दावर त्या मंडळाच्या कार्यक्रमाला आल्या.

कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळाच्या नव्या हॉलचं पार्किंग ज्या पाइनच्या झाडीत होणार आहे, तिथे त्यांची माणसं पुरलेली आहेत. पणजीसुद्धा. जागा परिषदेची, ती मंडळाला द्यायची का यावर मतदान येत्या सोमवारी. परिषदेचे बाकीचे सदस्य म्हणतात, सगळा मराठी समाज मागतोय, आम्ही नाही कसं म्हणायचं? म्हणून बाईंना त्या समाजाशीच पाच मिनिटं बोलायचं होतं.

मंडळाच्या अध्यक्षकाकांनी मी लिहिलेली कार्यक्रमपत्रिका वाचली. "अगं, 'भाषण' कशाला? 'सत्कार' टाक. मान देतोय आपण."

मी टाकलं. आमच्या मंडळात सत्कार झालेल्याने हात जोडून खाली बसायचं असतं, हे मला माहीत होतं. तरी टाकलं.

शाल, श्रीफळ, फोटो. बाईंनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा माइककडे नेला. काकांनी खूण केली, लेझीम सुरू झालं.

बाई विंगेत आल्या. "माझी पाळी कधी?"

"झाली," मी म्हणाले.

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि गाडीकडे गेल्या. मी मागे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

परत आले तर पहिल्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "शाल काय शोभली गं त्यांना."

"आणि पार्किंगचं काय, मावशी?"

"ते हवंच ना. मागच्या गणपतीला केवढं चालले मी, गुडघे बघ."

"तिथे थडगी आहेत."

"मग आधी सांगायचं त्यांनी."

सोमवारी साडेसहाला परिषदेत कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. दारात नाव लिहायचं, एवढंच. मी लिहिणार आहे, आणि पत्रिकेत 'सत्कार' मीच टाकला हेही सांगणार आहे. तुम्ही मंडळाचे सभासद आहात. मग ज्यांच्या नावावर ही जमीन मागितली जातेय ते तुम्हीच. या, उभे राहा आणि सांगा: हे पार्किंग आम्हाला नको.