एक डोळा पुरतो

"सर, मी हिच्याकडून नाही हं करून घेणार. इतकं जवळ नको मला."

प्रयोगशाळेत आम्ही दहा जण होतो. सगळ्यांनी ऐकलं. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा तर ऑफ्थाल्मोस्कोप आपल्या डोळ्याला लावून समोरच्याच्या इतकं जवळ जावं लागतं, की गालाला गाल लागायचाच बाकी राहतो. त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. जोड्या करून एकमेकांच्या डोळ्यांवर शिकायचं, ही आमच्याकडची पद्धत. माझी जोडी पुण्याच्या एका मुलीशी लागली होती. आदल्या आठवड्यात तिनं माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग ती गप्प झाली होती.

मला वाटलं, सर तिला रागावतील. सरांनी कपाटातून प्लॅस्टिकचा डोळा काढला, शिकण्यासाठी असतो तो, आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "तू यावर कर." मग बाकीच्यांकडे वळले. "हिच्या डोळ्यांत औषध टाका. यांचे डोळे काळेभोर असतात, बाहुली उशिरा मोठी होते. शिकायला चांगले."

यांचे.

नऊही जण एकामागून एक माझ्या डोळ्यांत बघून गेले. ती मुलगीही आली. तिनं माझ्याजवळ यायला तिची हरकत नव्हती, मी तिच्याजवळ जायला होती. औषधानं बाहुल्या मोठ्या झाल्या की उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. मी डोळ्यांवर ओढणी धरून वसतिगृहावर गेले. त्याआधी मी काय केलं ते सांगते. मी म्हणाले, "थँक यू, सर."

ही ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नजर तपासण्याच्या शास्त्राच्या, मास्टर्सच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. दोन वर्षांनी पीएचडीसाठी मी त्याच सरांकडे गेले. लोक विचारतात, काऊन गेली? आमच्या विषयात पीएचडीचे मार्गदर्शक बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या भीमनगरात, कुणाच्या नावाआधी 'डॉक्टर' लागलेलं नव्हतं. माझे वडील मलकापूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात. ते येईल त्याला सांगायचे, "पोरगी डोळ्याची पीएचडी करून राह्यली." ऐकणाऱ्याला वाटायचं मी ऑपरेशन करते. ते दुरुस्त करत नसत.

विषय सरांनी दिला. आळशी डोळा. लहान मुलाच्या एका डोळ्याचा नंबर खूप असतो, दुसरा चांगला असतो. मुलाचं काम चांगल्या डोळ्यावर चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. मेंदू हळूहळू कमजोर डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. उपाय साधा आहे. चष्मा द्यायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. पण हे वेळेत करावं लागतं. सात-आठ वर्षांपर्यंत डोळा ऐकतो. पुढे एकेक महिना जड जातो आणि मग तो डोळा दिसायला डोळा राहतो, एवढंच.

सर म्हणाले, "तुझ्या जिल्ह्यात काम कर. तुझ्या लोकांत तुला कोणी अडवणार नाही." मला ती शाबासकी वाटली. मी पेढे वाटले.

कामाची रीत अशी होती. शाळेतली मुलं तपासायची, आळशी डोळ्याची मुलं निवडायची आणि त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला लगेच उपचार. दुसऱ्याचं वर्षभर फक्त निरीक्षण, दर तीन महिन्यांनी नजर मोजायची आणि उपचार वर्षानंतर. असला अभ्यास मुळात करावा का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. कोण कुठल्या गटात, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरायचं. आपला-परका करता येऊ नये म्हणून. दोन ठिकाणं होती, मलकापूरची एक इंग्रजी शाळा आणि आमच्या गावची जिल्हा परिषदेची. सरांनी दोन गठ्ठे दिले, रबर लावून, वर ठिकाणाचं नाव लिहून. पाकिटं क्रमानं उघडायची, बाकी डोकं चालवायचं नाही, असं बजावलं.

आमच्या शाळेत अकरा मुलं निघाली, सगळी भीमनगरातली. गावातली बाकीची मुलं बसनं नांदुऱ्याच्या शाळेत जातात. मी विहारात लोकांना जमवलं. संमतीपत्र असल्या मराठीत होतं की ते लिहिणाऱ्यालाही समजलं नसतं. मी ते आमच्या बोलीत सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. आपली पोरगी सांगते म्हटल्यावर विचारायचं काय? पंचफुलावहिनी आमच्या शेजारच्या, त्यांची सुजाता साडेसहा वर्षांची. वहिनींनी अंगठा पुढे केला, मी तो धरून शाईत टेकवला.

मग पाकिटं. पहिलं, निरीक्षण. दुसरं, निरीक्षण. पाचवं. आठवं. अकराव्यापर्यंत तेच. मलकापूरला त्याआधीच्या आठवड्यात सतरा पाकिटं उघडली होती. सतराही वेळा उपचार.

शंका आली. खोटं कशाला बोलू? मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "लहान संख्येत असं होतं. पुढे समान होईल." एवढ्यावर मी गप्प बसले. नशीब-बिशीब न मानणाऱ्या घरातली मी. अकरा वेळा नशीब म्हणत राहिले, कारण पदवी डोळ्यांपुढे होती.

तीन महिन्यांनी मोजलं. सुजाताला उजव्या डोळ्यानं तक्त्यावरची एक ओळ कमी दिसत होती. मी आकडा लिहिला, तिच्या गालाला हात लावला आणि घरी जेवायला गेले.

सहा महिने झाले. शाळेचा व्हरांडा, दुपारची वेळ, लख्ख ऊन. लहान मुलांचा तक्ता वेगळा असतो. इंग्रजी ई अक्षर चार दिशांना तोंड करून उभं असतं, मुलानं हातानं दिशा दाखवायची. मी सुजाताचा चांगला डोळा झाकला. ती मान तिरकी करून फटीतून बघायला लागली. सगळीच मुलं करतात असं. मी झाकण नीट बसवलं. तिचा हात वर झाला आणि तसाच राहिला.

"आत्या," ती म्हणाली, "आज कोरीच पाटी आनली का व?"

मी जागीच बसले. तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून मी म्हणाले, हो, चुकून कोरी आली. ती हसली आणि पळत वर्गात गेली.

मग मी तिथंच, व्हरांड्यात, गावाच्या गठ्ठ्यातली उरलेली पाकिटं काढली. नऊ होती. उघडायला मनाई होती. मी उघडली. नऊही चिठ्ठ्यांवर निरीक्षण. मलकापूरच्या गठ्ठ्यातली तीन उरली होती. तिन्हींवर उपचार. एकही चूक नव्हती. फार नीट केलेलं काम होतं.

सरांच्या केबिनमध्ये मी ती बारा पाकिटं टेबलावर ठेवली. वाटलं होतं, ते चिडतील, कारकुनावर ढकलतील. त्यांनी चष्मा पुसला.

"मीच भरली," ते म्हणाले. "तुमच्या वस्तीत पट्टी कोण लावणार? दोन दिवसांत काढून फेकतात. माझा निकाल बिघडला असता. आणि तुलनेला कोणीतरी लागतंच."

मी म्हणाले, सर, मुलांचे डोळे चाललेत.

"एक डोळा चांगला आहे ना त्यांना? मजुरीला जायला एक डोळा पुरतो."

आवाज चढला नाही. वाईटपणाही नव्हता त्या बोलण्यात. पंख्याचा वेग कमी करा म्हणावं, तसं म्हणाले. त्याचीच मला भीती वाटली. मग त्यांनी सहामाही अहवाल माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की गटवाटप निःपक्षपातीपणे झालं. खाली माझ्या सहीची जागा.

मी पेन उचललं नाही हे पाहून ते म्हणाले, "संमतीपत्रांवर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. समजावलं तू. गाव तुझं. चौकशी झाली तर पहिली तू बुडशील. सहा महिने थांब, प्रबंध होईल, मग चष्मे वाटू."

आता मला कळलं, मला माझाच जिल्हा का दिला. माझी हुशारी नको होती त्यांना. माझं आडनाव हवं होतं. आमची दारं उघडायला आमच्यातलीच एक हवी होती आणि मी पेढे वाटत गेले.

मी पाकिटं गोळा केली. म्हणाले, "सही नाही करणार." इतकंच. दाराशी पोहोचले तेव्हा ते मागून म्हणाले, नीट विचार कर, घरी वडील आहेत. वडिलांचं नाव घेऊन म्हणाले. मी त्यांना वडिलांचं नाव कधी सांगितलं नव्हतं. अर्जावर असतं, हे नंतर सुचलं.

गावी आले आणि परत विहारात लोकांना जमवलं. त्याच जागी उभी राहिले. सगळं सांगितलं. पाकिटं, सर, तो फोन, माझं गप्प बसणं. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पंचफुलावहिनी उठल्या.

"तीन महिन्यामांगं तुले मालूम होतं काय, का तिचा डोळा चालला म्हून?"

"हाव, वयनी."

"अन् तू लिहून घेतलं."

"हाव."

"म्हंजे तुह्या पदवीपाई माह्या पोरीचा डोळा."

वहिनींनी सुजाताचा हात धरला आणि निघून गेल्या. वडील तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी फक्त विचारलं, चष्मे कुठं बनतात.

अकराही मुलांचे नंबर मी काढले, चष्मे मलकापूरहून आणले. पट्ट्या सुरू केल्या. रोज सकाळी घरोघरी जाऊन लावते. पंचफुलावहिनी माझ्याशी बोलत नाहीत, दारात पोरीला उभी करतात आणि आत जातात. पण पट्टी ठरल्या वेळेआधी निघालेली मी त्या घरात पाहिली नाही. दोन घरांत काढून फेकली. मी परत लावली. मलकापूरच्या शाळेतही तिघांनी फेकली होती. ते मात्र सरांना निकाल बिघडवणं वाटलं नव्हतं.

विद्यापीठाच्या नीतिनियमांच्या समितीकडे मी तक्रार पाठवली. उत्तरात मलाच नोटीस आली. बंद पाकिटं फोडली, अभ्यासात ढवळाढवळ केली, पालकांची दिशाभूल केली. त्यानंतर एका अनोळखी नंबरवरून माझ्या फोनवर एक फोटो आला. आमच्या घराचं दार. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मग मोटारसायकलवर दोन माणसं आली, भीमनगरात कागद घेऊन फिरली. त्यावर लिहिलं होतं की मी काहीच समजावून सांगितलं नव्हतं, फसवून अंगठे घेतले. चार घरांनी अंगठे दिले. मी त्यांना दोष देत नाही. न वाचलेल्या कागदावर पहिला अंगठा त्यांच्याकडून मीच घेतला होता. वहिनींच्या दारातही ती माणसं गेली. वहिनींनी म्हणे सांगितलं, माह्या भांडनात तुम्ही पडू नका.

आजूबाजूचे आता हळू आवाजात बोलतात. कुणी म्हणतं, माफी मागून टाक. सोबत शिकलेल्या एका मुलानं फोन करून सांगितलं की तुझं नाव वाईट केलंय, दुसरा मार्गदर्शक मिळणार नाही. मोटारसायकलचा आवाज आला की आई दार लोटून घेते.

सुजाताला परवा तक्त्यावरची सगळ्यात मोठी ओळ दिसली. त्याखालचं नाही. सात पूर्ण झाली आहेत तिला. डोळा परत येईल का, हे मला सांगता येत नाही. वाया गेलेले महिने कोणत्याही चष्म्यात बसवता येत नाहीत.

सोमवारी समितीसमोर जायचंय. मी पदवी सोडणार नाही. ती सोडावी म्हणूनच हे सगळं चाललंय. मी एकटी जाणार आहे. पहिल्यांदा माझ्याविरुद्ध बोलणार आहे. अंगठे मी धरले, घसरण मी लिहून घेतली, त्यानंतरही तीन महिने मी गप्प होते. त्याची काय शिक्षा असेल ती द्या, खाली सही करते. मग मी अकरा मुलांची नावं वाचणार आहे, एकेकाच्या डोळ्याच्या आकड्यासह, आणि विचारणार आहे, पाकिटं कोणी भरली. उत्तर लिहून मिळेपर्यंत त्या खोलीतून उठणार नाही. उठवलं तर दारात बसेन.