महालक्ष्म्यांचा दोडका

महालक्ष्म्यांच्या ताटात सोळा भाज्या लागतात. त्यातली एक तरी आपल्या मातीतली हवी, असा आईचा हट्ट असे. फॅक्टरीच्या क्वार्टरमागची टीचभर जागा ती त्यासाठीच राबवायची. बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी हा हट्ट फारच वाढला, कारण दिवाळीआधी क्वार्टर सोडून आम्हाला फ्लॅटमध्ये जायचं होतं. त्या मातीतलं यापुढे काही मिळणार नव्हतं.

नेमका त्याच पावसाळ्यात किड्यांनी उच्छाद मांडला. भेंडी गेली, वांगी आतून पोखरली, काकडीच्या पानांची लाल भुंग्यांनी चाळण केली. उरला कुंपणावरचा दोडका. सदर बाजारातल्या चहावाल्या भैयाकडून मी त्याच्या भट्टीची पिशवीभर राख आणली, आईनं ती पानांवर भुरभुरली आणि दुपारच्या सरीनं धुऊन नेली. अळ्या होत्या तशाच टुणटुणीत.

मग बाबांनी औषधाची बाटली आणली.

"काहून आणली?" आई कडाडली. "महालक्ष्म्या, आपल्या लेकी, माहेरी येऊन राहिल्या, अन् तुम्ही त्यांच्या ताटात जहर घालता?"

फॅक्टरीत बाबांचं काम तपासणीचं. समोर आलेला नग पास की रिजेक्ट, ते सांगायचं. घरीही पोळी जराशी करपली की रिजेक्ट. देवाला तर त्यांनी तरुणपणीच रिजेक्ट केलं होतं. पण बाटली मुकाट्यानं दुकानात परत गेली आणि रोज ड्यूटीवर जाण्याआधी बाबा चष्मा लावून वेलापाशी उभे राहू लागले. पान उलटायचं, अळी चिमट्यानं उचलायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. "चलो, निकलो," असं तिला वर बजावायचंही. मी दात घासत बघत राही. त्या सकाळी मला अजून हव्याशा वाटतात. घाईतल्या माणसाला इतकं सावकाश काही करताना मी एरवी पाहिलंच नव्हतं.

एवढं करून वेलावर धड वाढलेला दोडका एकच राहिला. जेवणाच्या दिवशी पहाटे बाबांनी तो तोडून स्वयंपाकघरात आणला, दिव्याखाली फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. देठापाशी बारीकसं भोक होतं.

"रिजेक्ट," ते हळूच म्हणाले. "अळीनं उष्टा केला. तुझ्या देवीला चालणार नाही."

देव न मानणाऱ्या माणसाचा आवाज असा भरून आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आईनं दोडका हातात घेतला आणि चिरला. आत अळी होती. तेवढा तुकडा तिनं अलगद बाजूला ठेवला.

"लेकरानं आधी खाल्लं म्हणून मायला उष्टं होते काय?" ती म्हणाली आणि उरलेल्या फोडी कढईत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वेलाकडे फिरकले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "खाऊ दे आता त्यांना. आपलं काम झालं."

क्वार्टरची किल्ली दिली तेव्हा पानांची पार जाळी झाली होती. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता आणि बाबा कुंपणाशी उभे राहून एकेक पान उलटून बघत होते. शेवटी आईनंच त्यांचा हात धरून त्यांना ऑटोत बसवलं.