दुसरा ट्रान्समीटर

‘फॉर्म्युला सर’ हे नाव मुलांनीच पाडलेलं. बावीस वर्षं ते इंजिनिअरिंग कॉलेजात वायरलेस शिकवत होते. फळा उजव्या टोकापर्यंत भरत आला की मागचे दोन बाक झोपलेले असायचे. विषयच अवघड आहे, असं सर म्हणत.

मग नव्या मॅडम आल्या. मोजायच्या टेपच्या पोलादी पट्ट्या कापून, त्या प्लास्टिकच्या पाइपवर बसवून त्यांनी मुलांकडून अँटेना करून घेतल्या. मॅडम इमारतीत कुठेतरी छोटा ट्रान्समीटर लपवायच्या. सिग्नल जिकडून जोरात येईल तिकडे जात मुलांनी तो शोधायचा. कधी तासाला न दिसणारी मुलंही जिन्यावरून धावू लागली.

सरांच्या पोटात दुखायला लागलं.

“आज त्या मॅडमचं नाव पाचव्यांदा काढलंत,” जेवताना बायको म्हणाली.

“नाव काढत नाहीये, नावं ठेवतोय.”

पुढच्या शोधाच्या दिवशी सरांनी कपाटातला जुना सिग्नल जनरेटर काढला, मॅडमच्या ट्रान्समीटरच्याच फ्रिक्वेन्सीवर लावला, त्याला हातभर वायर जोडली आणि केबिनचं दार आतून लावून घेतलं. होऊ दे फजिती!

“मॅडम, सिग्नल दोन बाजूंनी येतोय!” बाहेर गोंधळ उडाला. सर खुदकन हसले. पण हळूहळू आवाज जवळ आले. “इकडे वाढतोय... जरा डावीकडे वळव.” मग टकटक. दार उघडलं तर सहा अँटेना सरांच्या छातीवर रोखलेल्या. पुढे एक मुलगी, शेवटच्या बाकावरची.

“सापडला! सर, दुसरा तुम्ही लपवलात? कसलं भारी!”

मागून मॅडम आल्या. त्यांनी जनरेटरकडे पाहिलं, मग सरांकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलंय, हे सरांना कळलं.

“हो,” मॅडम म्हणाल्या, “मीच सरांना विनंती केली होती.”

ते सांभाळून घेणं सरांना थपडेसारखं लागलं. तेवढ्यात मुलीने विचारलं, “पण सर, सरळ आलेला सिग्नल आणि भिंतीवर आपटून आलेला, ओळखायचा कसा?” सरांचा हात सवयीने खिशातल्या खडूकडे गेला. मग त्यांनी तिची अँटेना घेतली आणि तिला व्हरांड्यात नेलं.

कॉलेज सुटताना ते मॅडमकडे गेले. “आज मी जे केलं...”

“पुढच्या वेळी आधी सांगा,” मॅडम म्हणाल्या. “दोघं मिळून लपवू.”

तेव्हापासून तो तास दोघं मिळून घेतात. जळणं मात्र गेलेलं नाही. शंका घेऊन आलेली मुलं आधी कोणाच्या केबिनकडे वळतात, ते सर अजून दाराच्या फटीतून बघतात.