फेफऱ्याच्या भुकटीची वानगी

मी दुसरीपर्यंत शिकलो, तेही निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी पुढं माझी मीच शिकलो, म्हणून लिहिताना अडखळतो. पण ही गोष्ट मला दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नाही. लिहिणारा ती गोड करील.

मला फेफरं होतं. अकराव्या वर्षी पहिल्यांदा पडलो तो चुलीवर. डावा तळहात भाजला, त्याची बोटं अजून पुरी उघडत नाहीत. आमच्या पुसेगावात मी पडलो की कोणीतरी पायातली वहाण काढून माझ्या नाकाला लावायचं. शुद्धीवर येताना आधी चामड्याचा वास यायचा, मग माणसांची तोंडं दिसायची. त्या तोंडांवरची कीव मला फेफऱ्याहून जास्त झोंबायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा आमच्याकडं एक वैद्य आले. वेखंड, ब्राह्मी असलं काय काय कुटून ते राखेच्या रंगाची भुकटी करायचे. रोज एक पुडी पाण्यातून, आणि पथ्य म्हणून वांगं अन् आंबट बंद. मी तेव्हा बाविशीत होतो. पुड्या सुरू झाल्यावर आठ महिने मी एकदाही पडलो नाही. आठ महिने, म्हणजे बघा, मी एकट्यानं विहिरीवर मोट हाकली. ज्याला फेफरं नाही त्याला यात काय विशेष ते कळायचं नाही.

मग वैद्यांनी कारखान्याचं काढलं. वसमतला जागा घ्यायची, कुटायचं यंत्र आणायचं, मिरगीचं औषध बाटल्यांत भरून मुलूखभर पाठवायचं. "मिरगीवाला गावोगाव हाय, अन् त्याच्यासाठी औषध करणारं कोणीच न्हाई. असा धंदा बुडंल कसा?" असं ते विचारत. भांडवलासाठी हिस्से काढले. ज्याला जमेल त्यानं कापूस द्यावा, ज्वारी द्यावी, जनावर द्यावं. आणि हिस्से मागताना ते भर बाजारात मला उभं करत. मी भाजलेला हात वर करायचा. ते म्हणत, "ही आपल्या मालाची वानगी." लोक येऊन हात चाचपून बघत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. ज्यांनी माझ्या नाकाला वहाण लावली तेच आता मला विचारून हिस्सा घेत होते. माझ्या पुड्यांना लाल दोरा असे, बाकीच्यांच्या पुड्यांना पांढरा. वैद्य म्हणाले, "तू कारखान्याचा माणूस. मान म्हणून लाल." मी तो दोरा मनगटाला बांधून फिरायचो.

शेजारच्या साखरा गावचा एक धनगर होता, वयानं माझ्या बापाएवढा. त्यानं बारा मेंढ्या देऊन हिस्सा घेतला होता, तो माझ्याकडं बघूनच. त्याच्या लेकीला फेफरं होतं. सासरच्यांनी तिला आणून सोडलं होतं आणि सांगून गेले होते, झटके थांबले तर न्यायला येऊ, नाहीतर पोराचं दुसरं लगीन लावू. एका बाजारच्या दिवशी तो सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, पोरगी परवा पडली. काल पुन्यांदा पडली."

"पथ्य पाळते का?"

"पाळते."

"वांगं खात असल."

"आमच्या घरी वांगं येतं कुठून? मेंढरं काय वांग्याच्या वाफ्यात चारून राहिलो का?"

लोक हसले. मला ते हसू सहन झालं नाही. मी म्हणालो, "मंग आंबट खात असल. बाईमाणसाच्या जिभेचा काय भरवसा, मामा. चोरून खाते अन् नाव औषधाचं."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या मनगटावरच्या लाल दोऱ्याकडं बघत तो म्हणाला, "तुमच्या पुडीत अन् तिच्या पुडीत फरक तर न्हाई?"

"दोऱ्याचा हाय," मी म्हणालो. "हे घ्या. पंधरा दिवस माझ्या पुड्या तिला द्या, तिच्या मी घेतो. मंग कळंल पथ्य कोण मोडून राहिलं."

वैद्यांना मी हे सांगितलं नाही. सांगायचं काहून? माझी खात्री होती.

नवव्या दिवशी वैद्य मला वसमतला घेऊन गेले. हळदीचा एक मोठा व्यापारी उरलेलं सगळं भांडवल घालायला तयार झाला होता. तो दुकानात हळदीच्या गोण्यांपुढं बसला होता. गोणीवर ठेवलेलं हळकुंड त्यानं कटकन मोडलं, आतला रंग बघितला आणि बाजूला टाकलं. मग गोणीत कोपरापर्यंत हात घालून मधलं एक काढलं, तेही मोडलं.

"वैद्यबुवा, वरची वानगी सगळेच चांगली ठेवतात," तो म्हणाला. "आपण मधलं बघतो. हा माणूस वरचा का मधला?"

वैद्य हसले. मी हात वर करून पुढं झालो. त्यापुढचं मला आठवतं ते चामड्याचा वास.

डोळे उघडले तेव्हा मी हळदीत पडलो होतो आणि दुकानाबाहेर बाजार गोळा झाला होता. व्यापारी वहाण पायात घालत होता. तो एवढंच म्हणाला, "वानगीच अशी, तर गोणीत काय असंल."

परतीच्या गाडीत मी वैद्यांवर चिडलो. पुडीत काही दम नाही म्हणालो, आणि रागाच्या भरात अदलाबदलीचंही सांगून टाकलं. वैद्यांचं तोंड पांढरं पडलं.

"लाल दोऱ्याची पुडी दुसऱ्याला दिली? मला न इचारता?"

"सारखीच तर हाय."

मग त्यांनी बैलांकडं बघत सांगितलं. माझ्या पुडीत ते हैदराबादहून आणलेली एक पांढरी गोळी कुटून घालत. लढाईमुळं ती महाग झाली होती, एकालाच पुरायची. बाकीच्यांच्या पुडीत नुसता पाला.

"तुला बघून भांडवल येणार होतं. भांडवल आलं की सगळ्यांच्या पुडीत गोळी घालणारच होतो मी."

"अन् तवर?"

"तवर काय. आधी बी पडतच होते ना."

ते फसवत होते म्हणावं, तर मला गुण आला होता. आणि त्यांना तसं करण्यात वाईट काही दिसतच नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, तरी "आधी बी पडतच होते" हे वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं. मनगटावरचा दोरा मी तिथंच तोडला. उरलेल्या गोळ्यांची कुपी मात्र मागून घेतली.

साखऱ्याला गेलो. पोरगी नऊ दिवसांत पडली नव्हती. मी धनगराला सगळं सांगितलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पानी प्या," आणि घोंगडी खांद्यावर टाकली. आम्ही तिघं हिंगोलीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं गोळी हातात घेतली.

"ये तो पुरानी दवा है," तो म्हणाला. "पहले क्यों नहीं आए?"

फेफऱ्यासाठी दवाखान्यात जायचं असतं हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. जिच्यासाठी गावंच्या गावं हिस्सेदार झाली, ती गोळी डॉक्टरनं चिठ्ठी लिहून हैदराबादहून मागवून दिली.

कारखाना झाला नाही. वैद्य निघून गेले, हिस्से कोणाला परत मिळाले नाहीत, मी हिश्शापोटी दिलेला गाडीभर कापूसही गेला. चार महिन्यांनी पोरीचा सासरा गाडी घेऊन आला, पण अंगणात बसून कुरकुरायला लागला. पथ्य न पाळणारी सून नको, म्हणाला. माझं बाजारातलं बोलणं त्याच्या गावापर्यंत पोचलं होतं.

धनगरानं मला बोलावणं पाठवलं. वसमतनंतर मी ठरवलं होतं, कोणापुढं उभं राहायचं नाही. तरी गेलो.

"पथ्य हिनं मोडलं नव्हतं," मी उभा राहून म्हणालो. "ते मी बोललो. खोटं बोललो."

"तुमी कोण?" सासऱ्यानं विचारलं.

"हेच ते," पोरगी दारातून म्हणाली, "हळदीत पडलेले."

सासरा हसला, त्याच्यामागं सगळेच हसले. मी हात खाली ठेवून उभाच राहिलो. थोड्या वेळानं सासऱ्यानं बैल जुंपायला सांगितलं.

गोळ्यांची बाटली पदराला बांधून ती गाडीत चढली आणि मागं वळली.

"भाऊ, वांगं खाल्लं तरी चालतं. डाक्टरला मी इचारलं तवाच."

मी तोवर वांग्याला शिवलो नव्हतो. विचारायचं मला सुचलंच नव्हतं.