दुष्ट हवा तर लांडगा घाल

सारजाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि तरी ती एका पुस्तकात होती.

पुस्तक लहान मुलांचं. नाव 'सीनाकाठचा बजरंग'. त्यातला बारा वर्षांचा बजरंग पुराच्या सीनेत उडी टाकतो, दातांत तिरंगा धरून नदी पार करतो आणि निजामाच्या राज्यात, ऐन चावडीवर तो फडकावतो. त्याची धाकटी बहीण सारजा काठावर उभी राहून रडत असते. लतीफ पिंजारी एक डोळा बारीक करून रझाकारांना खबर द्यायला पळतो, आणि शेवटी नदीच त्याला गिळते. खडकळवाडीच्या शाळेत दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, हे नाटक व्हायचं. गावातल्या तीन पिढ्या त्यावर वाढल्या. लग्न होऊन गेलेल्या पोरीसुद्धा त्यातले संवाद अजून तोंडपाठ म्हणून दाखवायच्या.

बजरंग खरा होता. सारजाबाईचा थोरला भाऊ. लतीफही खरा होता. बाकी सगळं गुरुजींनी रचलेलं.

मोहनराव गुरुजी माणूस वाईट नव्हता. परजिल्ह्यातून बदलून आला आणि इथंच राहिला. पोरांवर त्याचा जीव. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यानं हे पुस्तक लिहिलं, आणि गावच्या वाड्यावरच्या अर्जुनरावांनी ते छापून दिलं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. सारजाबाई तेव्हा ऐन उमेदीतली, दर वर्षी ऊसतोडीला जाणारी. लतीफचं नाव आलं तशी ती उठून उभी राहिली.

"गुरुजी, हे कावून लिवलं? लतीफचाचा असा न्हवता."

"अगं सारजे, लहान मुलांच्या गोष्टीत एक दुष्ट लागतो. त्याशिवाय रंगत येत नाही."

"मग लांडगा घाला की. माणूस कावून घालता?"

ओट्यावरचे हसले. गुरुजीही हसले. अर्जुनराव मात्र हसले नाहीत. पुस्तक होतं तसंच निघालं, आणि त्या दिवसापासून सारजाबाईनं शाळेच्या समारंभाला पाय लावला नाही. दर वर्षी 'पुस्तकातली छोटी सारजा' म्हणून तिला शाल द्यायला माणूस यायचा. दर वर्षी ती त्याला चहा पाजून, शालीसकट परत पाठवायची.

ती होतीच तशी. गावातच दिलेली, नवरा रामहरी गरीब स्वभावाचा, दिवाळी झाली की दोघांचा कोयता ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचा. एकदा फडातच ती बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी मुकादम पालाच्या दारात आला नि म्हणाला, "बाई, ट्रक भरायचाय, चला." सारजाबाईनं अंगावरचं पोर त्याच्या हातात दिलं, कोयता उचलला आणि चालू लागली. मुकादम रडतं पोर घेऊन सगळ्या फडातून तिच्यामागं पळत होता. "घे बाई, घे, तू नको येऊ!" टोळीतल्या बाया पोट धरधरून हसल्या. त्यानंतर त्या टोळीत बाळंतिणीला कुणी हाक मारली नाही.

बजरंगशीही तिचं एकदा वाजलं होतं. बिचारा पाण्याला भ्यायचा. विहिरीच्या काठावरही बसायचा नाही, आणि पुस्तकात त्यानं पूर पार केलेला. आधी तो लाजायचा. मग हार पडायला लागले, तालुक्याहून माणसं यायला लागली, आणि त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

"दादा, तू तवा तापानं फणफणला हुतास. वाकळंतून उठला न्हवतास."

"जाऊ दे गं सारजे. पोरांनला बरं वाटतंय."

"आन् लतीफचाचाच्या पोरीला काय वाटत असंल?"

बजरंग वारला तेव्हा शाळेनं सुट्टी दिली होती.

सारजाबाई नव्वदीकडं झुकली. कंबर वाकली, आवाज मात्र फडातलाच राहिला, दोन वावरांपलीकडं ऐकू जाणारा. गेल्या वर्षी श्रावणात अर्जुनरावांचा नातू अमरसिंह तिच्या दारात आला. गावचा पुढारी, चार माणसांत वजन असलेला. त्यानं पुस्तक नव्यानं छापायला घेतलं होतं, रंगीत. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत वाटणार होता.

"आजी, पुस्तकातलं जिवंत माणूस आता तुमी एकल्याच. तुमच्याच हातानं प्रकाशन करायचंय. न्हाई म्हनू नका."

त्यानं नवं मुखपृष्ठ तिच्या हातात दिलं. सारजाबाईनं ते डोळ्यांजवळ धरलं. वाचता येत नसलं तरी चित्र दिसत होतं. निळ्या पाण्यात पोरगं, दातांत झेंडा. कोपऱ्यात एक लालबुंद डोळ्यांचा दाढीवाला, हातात सुरा. तिनं त्या दाढीवाल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोण?"

"लतीफ, आजी."

"लतीफचाचाच्या हातात सुरा कदी न्हवता. धुनकी हुती. कापूस पिंजायची."

"चित्र हाय आजी, चालायचंच."

तिनं मुखपृष्ठ पदराखाली ठेवून घेतलं. मग म्हणाली, "येते मी."

अमरसिंह खूश होऊन गेला. तिचा नातू प्रविण मात्र चकित झाला. प्रविणचा ट्रॅक्टर अमरसिंहाच्या टोळीबरोबर ऊस वाहायचा.

"आजे, इतक्या वर्सांत न्हाई आन् आताच कावून चाललीस?"

"त्येंनी बोलावलंय. माईक पन देणारेत," ती म्हणाली.

त्याआधी तिला एकाला विचारायचं होतं. बाजाराच्या दिवशी प्रविणला घेऊन ती कडा गावी गेली, जैबूनकडं. जैबून म्हणजे लतीफची लेक. तिच्या नातवांचं तिथं गाद्यांचं दुकान होतं. दोघी म्हाताऱ्या बाजाराला भेटायच्या, पान खायच्या, गुडघ्यांचं बोलायच्या. गावाचं बोलायच्या नाहीत.

सारजाबाईनं मुखपृष्ठ पुढं केलं. जैबूननं चष्मा लावून बघितलं आणि पालथं घालून ठेवलं.

"सारजा, ऱ्हाऊ दे. आमची पोरं हितं धंदा करत्यात. उगं कालवा नको. अब्बा गये सो गये."

"तू म्हनलीस तर न्हाई बोलत. तुजा बाप हाय."

दुकानात मशीनवर कापूस पिंजला जात होता. जैबून तो उडणारा कापूस बघत राहिली. मग म्हणाली, "माजं नाव नको घेऊ. पोरांचं पन नको. अब्बाचं घे. चिल्लाके घे."

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं. मंडपात पोरं दाटीनं बसली होती. मागं आयाबाया, पुढं खुर्च्यांवर पाहुणे. पडद्याआड नाटकाची पोरं तयार होऊन उभी. रोहिणी मॅडम, शाळेतली तरुण शिक्षिका, त्यांना दाढ्या-मिशा चिकटवत होती. सारजाबाईच्या हातांनी फीत सुटली, टाळ्या झाल्या, आणि अमरसिंहानं तिच्यापुढं माईक धरला. "आजी, दोन शब्द."

"पोरांनो," सारजाबाई म्हणाली, "पुस्तकात मी काठावर रडतीय. मी रडले न्हवते. मी झेंड्यावर बसले हुते."

पोरं खिदळली.

"हसू नका, खरं सांगते. तवा सीनेच्या अलीकडं मोगलाई, निजामाचं राज्य. पलीकडं हिंदुस्थान. मधी करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका, येनाऱ्या-जानाऱ्याची झडती घ्यायचा. झेंडा धरला तर चामडी लोळवायचे. निजामाशी लढनारे आमचे लोक पलीकडं छावनीत हुते, तितून झेंडा आनायचा हुता. पूर-बीर काय न्हवता. मार्गशीर्ष हुता, सीनेला घोट्याएवढं पानी. माजा बजरंगदादा तापानं पडलेला. झेंडा आनला लतीफचाचानं. नव्या गादीच्या कापसात शिवून. गादी तट्टावर टाकली, आन् वर मी आन् त्येची लेक, आमी दोगी पोरी बसवल्या. मी पलीकडं मामाच्या गावाला गेलते, तितून मला घरी सोडतो म्हनून आनली. नाक्यावर शिपाई म्हनला, लतीफ, आमची गादी गोळा झालीय, पिंजून दे. तर चाचा बसला की तितंच! झेंड्याची गादी शेजारी ठिवून त्या शिपायाची गादी पिंजीत बसला. गानं म्हनत. दुपार कलंडली तवा उठला."

अमरसिंह पुढं वाकून हळूच म्हणाला, "आजी, बास झालं. पोरांचं नाटक हाय."

"थांब की, आजून न्हाई झालं. पोरांनो, मग हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजाम गेला. आनंद झाला. आन् त्या आनंदात, भर दुपारी, लोकं लतीफचाचाच्या घरावर आले. रझाकार कोन, पिंजारी कोन, कुनी बघितलं न्हाई. मुसलमान म्हनून त्येला नदीकडं नेला, तो परत आला न्हाई. त्येची बायको आन् लेक आमच्या कडब्याच्या गंजीत हुत्या. माजी आय, सुंदरबाई, दारात विळा घिऊन हुबी ऱ्हायली. म्हनली, आत यायचं तर माज्यावरून या. आनी ज्यांनी नेला त्येंनला मागनं कारन पायजे हुतं, म्हनून चाचा चुगलखोर झाला. पुस्तकात नदीनं गिळला म्हनत्यात. नदीनं न्हाई गिळला."

माईक बंद झाला. कुणी बंद केला ते कळलं नाही. सारजाबाईनं तो खुर्चीवर ठेवला आणि फडातला आवाज काढला.

"कोन हुते त्येंची नावं माज्यापाशी हायती. पन मेलेल्यांचा न्याय करायला मी आले न्हाई. जित्या पोरांनला खोटं शिकवू नका, येवढंच माजं म्हननं. गोष्टीला दुष्ट पायजे तर लांडगा घाला!"

अमरसिंहाची मान खाली होती. वाड्यावर तो वाढला होता, त्याच्या कानावर काही ना काही पडलं असणारच. त्यानं हातानं खूण केली, "नाटक चालू करा." पडदा सरकला. सारजाबाई उठली, पण खाली उतरण्याऐवजी स्टेजच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसली.

"करा की नाटक. मी हितंच हाय."

दाढी लावलेला मुलगा विंगेत थबकला. दोघं-तिघं पुढारी पुढं झाले, पण म्हातारीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. प्रविण मंडपाच्या दांडीला धरून उभा होता. शेवटी रोहिणी मॅडम बाहेर आली.

"आज नाटक होणार नाही," ती म्हणाली. "खरं काय झालं ते आधी आम्ही नीट विचारून घेऊ. मग नवं बसवू."

"मॅडम, हे तुमी ठरवनार?" अमरसिंह म्हणाला.

"नाटक मी बसवते साहेब, तर मीच ठरवणार."

पुस्तकं मात्र वाटली गेली. गठ्ठे आधीच गाडीत भरलेले होते, ते तालुकाभर गेले. खडकळवाडीच्या शाळेतला गठ्ठा कपाटात पडून राहिला, एवढंच. रोहिणी मॅडमला वर बोलावून झापलं गेलं. तिनं काय उत्तर दिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण ती शाळेत आहे. आणि दसऱ्याला प्रविणला निरोप आला की यंदा टोळीत ट्रॅक्टर नको.

प्रविण दोन दिवस आजीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ताट पुढं ओढत म्हणाला, "उमापूरकडच्या मुकादमाला फोन केलाय. लांब हाय, पन जातो."

"माज्यामुळं झालं."

"तुज्यामुळंच की! दुसऱ्या कुनामुळं?" तो उसळला. चार घास खाल्ले. मग म्हणाला, "त्यो नाक्यावरच्या गादीचा किस्सा तू आमाला कदी सांगितला न्हाई आजे."

"तुमी इचारलं कवा?"

समारंभात कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. ते फिरत फिरत कड्याच्या गाद्यांच्या दुकानात पोचलं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी नातवाच्या मोटारसायकलीवर मागं बसून जैबून खडकळवाडीत आली. आधी तिनं घर कुठं होतं ते विचारलं. तिथं आता पाण्याची टाकी होती. टाकीभोवती ती एक फेरी मारून आली आणि सारजाबाईच्या ओट्यावर येऊन बसली. भाकरी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाली.

दुपारी रोहिणी मॅडम वर्गातली पोरं घेऊन आली. पोरांनी ओटा भरून गेला. सारजाबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली. "तर तट्टावर गादी, गादीत झेंडा, आन् वर पुढं मी, मागं ही."

"झूट!" जैबून म्हणाली. "पुढं मी हुते. तट्टू आमचं, तू पुढं कशी बसशील?"

"मी मोठी हुते."

"तू मोठी हुतीस म्हनून मागं. अन् शिपायाची गादी पिंजताना अब्बा गानं न्हाई म्हनले. खोकत हुते. कापूस नाकात जायचा."

"गानं म्हनले! मला आजून ऐकू येतंय."

"मेरे अब्बा थे, सारजा."

पोरं आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडं बघत होती. मॅडमनं विचारलं, मग लिहायचं काय, गाणं की खोकला?

"दोनी लिवा," सारजाबाई म्हणाली. "आन् फुडं मी हुते, ते पन."

"न्हाई लिवायचं," जैबून म्हणाली, आणि चष्मा काढून पोरांकडं वळली. "इकडं बगा रे. मी लतीफ पिंजाऱ्याची लेक जैबून. मी सांगते, आयका."