कुकाऱ्याचं उत्तर

डोंगरात एकट्यानं जायचं नाही, हा नियम पुण्यात असताना मीच नवशिक्या पोरांच्या डोक्यात हाणून हाणून बसवायचो. आणि गेल्या ऑक्टोबरापर्यंत तोच मी, सत्तरी गाठलेला, लंडनजवळच्या वॉटफर्डहून ट्रेन बदलत बदलत वेल्सच्या हद्दीवर जायचो आणि वाय नदीकाठच्या जंगलात एकटा हिंडायचो. बायको होती तोवर प्रश्नच नव्हता. ती गेली, आणि मग बरोबर यायला होतं कोण? जवळच पिनरला ओळखीची मराठी मंडळी आहेत. गणपतीला बोलावतात, निघताना मोदक बांधून देतात. 'काका, आमच्याबरोबर वॉकला चला ना,' असंही म्हणतात. पण त्यांचा वॉक म्हणजे पार्कात एक चक्कर आणि दोन कॉफ्या. त्याला चालणं म्हणत नाहीत, पाय मोकळे करणं म्हणतात. असो.

वाय नदी म्हणजे तिथली सरहद्द. अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स. पूल ओलांडला की पाट्या दोन भाषांत सुरू होतात, बाकी पाऊस तोच. बायको दर वेळी पुलाच्या मध्यावर थांबून म्हणायची, "व्हिसाच्या रांगांत निम्मं आयुष्य गेलं आपलं, आणि इथं बघ, कुणी ढुंकूनसुद्धा विचारत नाही." इंग्लंडच्या बाजूला उंचावर एका जुन्या राजानं घातलेला मातीचा बांध आहे, त्याच्या कडेकडेनं पायवाट जाते. खुणेला लाकडी खांबावर ओकच्या झाडाचं पांढरं बोंड काढलेलं असतं. एका बोंडापासून दुसऱ्या बोंडापर्यंत चालत राहायचं, इतकं सोपं. तिथं शेंबडं पोरसुद्धा चुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

आम्ही दोघं भेटलो तेच मुळी सह्याद्रीत. आमच्या ग्रुपची एक पद्धत होती, कुकारा. पुढचा माणूस वळणाआड गेला की तोंडाला हात लावून लांबलचक 'कूऽऽऽ' द्यायचा, आणि मागच्यानं दोनदा आखूड 'कू कू' असं उत्तर द्यायचं. कुकारा ऐकला आणि उत्तर दिलं नाही, तर त्या रात्री भांडी घासायची शिक्षा. आणि कुणी हरवलाच, तर त्यानं उत्तर द्यायचं आणि जागा सोडायची नाही. शोधणारा येतो. मी कायम पुढे असायचो आणि ती शेपटीला. कुठं फूल बघ, कुठं कोळ्याचं जाळं बघ. चाळीस वर्षं मी कुकारे दिले आणि ती मागून 'कू कू' करत आली. मुलीलाही आम्ही लहानपणीच शिकवलं होतं. शाळेत जायला लागल्यावर मात्र तिला लाज वाटायला लागली. "बाबा, प्लीज, लोक बघतात!"

मुलगी आता चेपस्टोला राहते, नदी जिथं समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे. गेल्या वसंतात एक प्रकार झाला. मी सुपरमार्केटमधून पिशव्या घेऊन बाहेर आलो आणि गाडी कुठं लावली तेच आठवेना. बरं, आठवेना तर आठवेना, माणूस शोधतो. पण मी पार्किंगमध्ये उभा राहून पांढरी फियाट शोधत होतो. ती आम्ही पुण्यात असताना विकली होती. तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं माझ्या फोनवरून मुलीला फोन लावला, आणि मग सुरू झालं, मेमरी क्लिनिक, घड्याळाचं चित्र काढा, आजचा वार सांगा. डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येत नाही, लक्ष ठेवू. लक्ष ठेवू म्हणे! मी काय उतू जाणारं दूध आहे?

मुलीनं मात्र ठेवलं. गाडी काढून घेतली, रोज दोनदा फोन. शेवटी माझं डोकं फिरलं आणि आमची जुंपली. ती तिच्या आईवर गेली आहे, भांडतानासुद्धा आवाज चढवत नाही.

"बाबा, आय ॲम सीरियस," ती म्हणाली. "हा एक वॉक तू एकटा कर. रेडब्रुकला मी सोडते. चहाच्या वेळेला टिंटर्नच्या पुलावर स्वतःहून आलास, तर मी काही बोलणार नाही. पाहिजे तेवढा चाल. पण हरवलास आणि मला शोधायला यायला लागलं, तर वॉटफर्डचं घर विकायचं आणि माझ्याजवळ यायचं. आणि एकटा चालणं बंद. डील?"

"डील," मी म्हटलं. रेडब्रुकपासून बांधाच्या वाटेनं खाली टिंटर्नच्या पुलापर्यंत, म्हणजे दिवसभराची चाल. चालणं गेलं तर माझ्याकडे दुसरं काय उरतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या घरात सकाळी उठून मी फक्त दोन गोष्टींची वाट बघायचो, एक तिचा फोन आणि दुसरी डोंगराची ट्रेन.

ऑक्टोबरातला तो दिवस सुरेख होता. सकाळी तिच्याच स्वयंपाकघरात मी पोळीचे दोन रोल केले, आत बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी, थर्मासात चहा भरला. रेडब्रुकला उतरताना तिनं माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, जणू मी शाळेत निघालोय. दुपारपर्यंत मी असा चाललो की काय सांगू. बीचच्या झाडांची पानं तांबडी झालेली, खाली दरीत नदी मधूनमधून चमकत होती, आणि प्रत्येक बोंड वेळेवर भेटत होतं. मनातल्या मनात मी मुलीला टोमणे तयार करत होतो.

टिंटर्न जवळ आलं असेल तेव्हा वाटेवर एक भलंमोठं झाड आडवं पडलेलं दिसलं, वादळात उन्मळलेलं, फांद्यांचा नुसता गुंताडा. मी वळसा घालून पलीकडे गेलो तर वाट नाही. एक कुंपण ओलांडलं आणि उताराच्या कुरणात आलो. तिथं गवतात वाटा होत्या. अरुंद, पायांनी मळलेल्या, लेंड्या पडलेल्या. मी मनाशी म्हटलं, चला, ढोरवाट सापडली.

आता हे सह्याद्रीत हिंडलेल्यालाच कळेल. ढोरवाट चढताना फसवते, शंभर फाटे फुटतात तिला. पण संध्याकाळी उतरताना ती धरली की काम झालं. गुरं दिवसभर कुठंही चरोत, दिवेलागणीला गोठ्यातच जातात. सगळ्या ढोरवाटा खाली एक होतात आणि वाडीत नेऊन सोडतात. कितीतरी वेळा मी असा उतरलोय. आधी शेणाचा वास, मग घंटांचा आवाज, मग धूर, आणि मग कुणीतरी मावशी विचारते, 'कुठनं आलात, पाणी देऊ?'

मी वाट धरली. ती खाली जाईना. डोंगराला आडवी आडवी गेली, एका काटेरी झाडाशी आली, मग दुसरी वाट फुटली, तीही आडवीच. थोड्या वेळानं मी परत त्याच झाडापाशी. चकवाच लागला म्हणा ना. तरी मी घाबरलो नाही. कान देऊन घंटांची वाट बघत राहिलो. मग नियमाप्रमाणे थांबलो, तोंडाला हात लावला आणि मागच्यासाठी कुकारा दिला.

"कूऽऽऽ!"

उत्तर आलं नाही. मला राग आला, खरंच राग आला. बसली असेल कुठंतरी फुलं बघत, दिवस कलला तरी बाईला पत्ता नाही. मी दगडावर बसलो, डबा उघडला, एक रोल खाल्ला, दुसरा झाकून ठेवला. परत कुकारा दिला. परत. बराच वेळ मी तसा बसून होतो. ऊन कुरणावरून निघून गेलं.

एक मेंढी चरत चरत अगदी जवळ आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या पाठीवर निळ्या रंगाचा ठसा होता. मी त्या निळ्या रंगाकडे बघत राहिलो. आपल्याकडे मेंढ्यांना असा रंग नाही लावत, मनात आलं. मग आजूबाजूला पाहिलं तर कुरणभर मेंढ्या, आणि अंधार पडत आला तरी एकही कुठं निघाली नव्हती. त्या तिथंच बसायला लागल्या होत्या, पाय पोटाखाली घेऊन. त्यांना संध्याकाळी कुठं जायचंच नसतं. इथल्या मेंढ्या घरी जात नाहीत. त्या वाटांच्या टोकाला वाडी नव्हती, आणि माझ्या मागून कुणी येत नव्हतं.

बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, कामं होती. त्या कुरणात रडलो. मेंढी थोडी मागे सरकली, बस्स. आणि भीती वाटली. हरवल्याची नाही. हरवणं काय, माणूस सापडतो. मी जी वाट बघत बसलो होतो, तिची भीती वाटली.

मग उठलो. नाक पुसलं. डोकं आता लख्ख झालं होतं. नदी कुठल्या अंगाला ते उतारावरून कळतच होतं. कुंपणाच्या कडेनं खाली गेलो, एक लहान फाटक आलं, आणि फाटकाच्या खांबावर पांढरं बोंड. शेजारी पाटी, टिंटर्नकडे बाण. काखेत कळसा नि गावाला वळसा! रुंद, सरळ वाट जंगलातून खाली जात होती. झाडांतून पलीकडच्या काठावरचे दिवे दिसत होते. झपाझप गेलो असतो तर उजेड आहे तोवर पुलावर. उशीर झाला होता, पण थाप तयार होती. नदी बघत बसलो, वेळेचं भान राहिलं नाही. कुणालाही पटेल. फोनला रेंज नव्हतीच, त्यामुळे तोही दोष माझा नाही.

मी फाटक उघडलं, आणि खालून आवाज आला.

"कूऽऽऽ!"

बारीक, लांबचा, नदीपलीकडून. आवाज हुबेहूब बायकोचा. पण ती कधी लांब कुकारा द्यायचीच नाही. ती फक्त उत्तर द्यायची. हा मुलीचा होता. लोक बघतात म्हणून लाजणारी माझी पोर टिंटर्नच्या काठावर, लोकांसमोर, तोंडाला हात लावून ओरडत होती.

मी गप्प राहिलो. उत्तर दिलं की मी हरवलेला ठरणार, आणि मग नियमाप्रमाणे जागा सोडता येणार नाही. गप्प उतरलो तर पुलावर आरामात पोचणार, ती दोन शिव्या देईल, मिठी मारेल, आणि पुढच्या महिन्यात मी परत ट्रेनमध्ये. फक्त तिला थोडा वेळ ओरडू द्यायचं होतं. मी दोन पावलं टाकलीही.

दुसरा कुकारा आला. या वेळी शेवटाला आवाज फाटला. मग ती थांबली. उत्तराची वाट बघत होती. ते थांबणं मला माहीत होतं, आत्ताच वर कुरणात मी तसा बसून होतो.

"कू कू!" मी ओरडलो. जेवढा श्वास होता तेवढा सगळा लावून. आणि बोंडाच्या खांबाला टेकून खाली बसलो.

ती धापा टाकत वर आली तेव्हा बरंच अंधारलं होतं. फोनचा उजेड आधी माझ्या तोंडावर, मग खांबावर, मग पाटीवर. तिनं मला इतकं घट्ट धरलं की चष्मा वाकडा झाला. मग ती मागे सरली, आणि तिच्या लक्षात आलं.

"बाबा, तू तर वाटेवरच आहेस! बोर्ड आहे इथं. तू हरवला नव्हतास?" ती हसायला लागली, रडतही होती. "मग उत्तर कशाला दिलंस? तू येतच होतास ना? दॅट डझन्ट काउंट. तू जिंकलास, बाबा. ओके? जिंकलास."

ती माझ्याशेजारी बसली, थर्मासातला उरलेला कोमट चहा प्यायली आणि म्हणाली, भूक लागलीये. माझ्या सॅकमधून डबा काढून उघडला.

"हा रोल का नाही खाल्लास तू?"

'भूक नव्हती' एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. वॉटफर्डचं घर, ट्रेन, डोंगर, सगळं तेवढ्या दोन शब्दांत राहिलं असतं.

"आईसाठी ठेवला होता," मी म्हटलं. "ती मागून येतेय असं वाटत होतं मला."

फोनचा उजेड डब्यात पडला होता. मग तिनं तो रोल हातात घेतला आणि सावकाश, सगळा खाल्ला. शेवटी बोटांना लागलेली चटणीसुद्धा चाटली, तिची आई करायची तशी.

"चल," ती म्हणाली.

ती पुढे उजेड दाखवत निघाली आणि मी मागून. वळणाआड गेली की थांबायची आणि हळूच कुकारा द्यायची. मी लगेच उत्तर देत होतो.